संस्थेचे मोल कशाने मोजावे?

(बडोदे संस्थानातील ग्रंथालयांच्या आधारे एक अभ्यास)

संस्थेचा महोत्सव जवळ आला म्हणजे कपाटातून दोन वह्या प्रथम बाहेर निघतात. एक जमाखर्चाची व दुसरी सभासदांची. अमुक वर्षात शिष्यवृत्त्यांवर किती खर्च झाला, औषधपाण्यासाठी किती दिले, वाचनालयात किती पुस्तके आली, हा तपशील स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर छापला जातो व आपण तो अभिमानाने वाचतो. यात गैर काहीच नाही. हिशेब चोख ठेवणे हा सार्वजनिक संस्थेचा पहिला धर्म होय. परंतु पैसा कोठे गेला हे कळले म्हणजे त्या पैशाने काय साधले हेही कळते, असे मात्र नाही.

हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. तो आपल्याच संस्थेच्या एका बैठकीत आला. वाचनालयाच्या सहीच्या वहीत दर महिन्यास सह्या कमी होत चालल्या आहेत, वर्तमानपत्र तर आता जो तो मोबाइलवर वाचतो. तेव्हा ती खोली साखरपुडे, बारशी अशा लहान कार्यांसाठी भाड्याने द्यावी व येणारे भाडे शिष्यवृत्ती निधीत घालावे, अशी सूचना एका विश्वस्तांनी मांडली. सूचना स्वार्थाची नव्हती. उलट हिशेबाने पाहता ती शहाणपणाची होती. बोलता बोलता अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिले व म्हणाले, ‘‘मास्तर, तुम्ही तिथे नेहमी जाता. त्या खोलीचा उपयोग आहे की नाही, तुम्हीच सांगा.’’

आम्हांस तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. वीस वर्षे शिकवण्याचा धंदा केला, मुलांच्या उत्तरांस गुण दिले, पण एका खोलीच्या उपयोगास गुण कसे द्यावेत हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्या उत्तराचा शोध घेताना जे वाचले, पाहिले व विचारले, ते प्रस्तुत लेखात मांडले आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

वाण्याच्या दुकानाचे मोल ठरविणे सोपे आहे. गिऱ्हाईक स्वतःच्या खिशातून पैसे देऊन माल नेतो. माल पसंत नसेल तर दुसऱ्या दुकानी जातो. वर्षअखेर नफा झाला, तर लोकांस हवे ते आपण दिले असे दुकानदार म्हणू शकतो. सार्वजनिक संस्थेत ही सोय नाही. तेथे पैसे देणारा एक व लाभ घेणारा दुसरा असतो. कर भरणारा नागरिक व पालिकेच्या दवाखान्यात येणारा रुग्ण, देणगीदार व शिष्यवृत्ती घेणारा विद्यार्थी, हे बहुधा एकमेकांस ओळखतही नाहीत. म्हणून संस्थेची शिल्लक वाढली की घटली, यावरून तिच्या कार्याचे मोल निघत नाही. शिल्लक वाढली याचा अर्थ कदाचित एवढाच असेल की, जेथे खर्च व्हावयास हवा होता तेथे तो झाला नाही!

या मोलास काही अभ्यासक ‘लोकमूल्य’ म्हणतात. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क मूर यांनी १९९५ साली या विषयावर एक ग्रंथ लिहिला व तेव्हापासून सार्वजनिक कारभाराच्या अभ्यासात हा शब्द रूढ झाला. खासगी कंपनीचा व्यवस्थापक जसा भागधारकांसाठी संपत्ती निर्माण करतो, तसा सार्वजनिक संस्थेचा व्यवस्थापक लोकांसाठी मूल्य निर्माण करतो. केवळ वरून आलेले हुकूम बजावणे एवढेच त्याचे काम नव्हे, हे मूर यांचे मुख्य म्हणणे आहे.

गंमत अशी की, हा ग्रंथ ज्या गोष्टीने सुरू होतो ती एका ग्रंथालयाचीच आहे. एका गावातील ग्रंथपाल बाईंच्या ध्यानात येते की, रोज दुपारी तीन वाजता, शाळा सुटली की, मुलांचा लोंढा ग्रंथालयात येतो व आईबाप कामावरून परत येईपर्यंत तेथेच राहतो. जागा अपुरी पडते, गलका होतो, इतर वाचकांची गैरसोय होते. गावाच्या तिजोरीत पैशांची चणचण. बाईंनी काय करावे? ग्रंथालय म्हणजे पाळणाघर नव्हे, असे वर्तमानपत्रात पत्र लिहून पालकांस बजावावे? मुलांसाठी शुल्क घेऊन वेगळी व्यवस्था करावी? पालकांतून स्वयंसेवक उभे करावेत? की खोल्यांची मांडणी फिरवून दोघांचीही सोय लावावी? मुलांचे येणे ही अडचण समजावी की गावाची एक गरज आपण होऊन दारी आली असे समजावे, येथेच व्यवस्थापकाची खरी परीक्षा आहे.

ही गोष्ट वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून क्षणभर स्वस्थ बसलो. आपल्या वाचनालयातही सायंकाळी मुलेच अधिक असतात, हे आम्ही रोज पाहत होतो. पण पाहूनही ते आमच्या ध्यानात आले नव्हते.

२. तीन कसोट्या

एखादे सार्वजनिक कार्य हाती घेण्याजोगे आहे की नाही, हे ठरविण्यासाठी मूर यांनी तीन कसोट्या सांगितल्या आहेत. आम्ही त्या आपल्या साध्या भाषेत देतो.

पहिली : या कामाने लोकांच्या आयुष्यात खरोखर काही चांगले घडते काय?

दुसरी : ते करण्याचा अधिकार आपणांस आहे काय, आणि ज्यांच्या पैशावर व संमतीवर ते चालावयाचे त्यांचा त्यास मनापासून पाठिंबा आहे काय?

तिसरी : ते पार पाडण्यास लागणारी माणसे, साधने व कौशल्य आपल्यापाशी आहे काय, अथवा मिळविता येईल काय?

तिन्ही कसोट्यांस एकाच वेळी उतरेल तेच काम टिकते. पहिली आहे पण दुसरी नाही, तर उत्तम कल्पना वर्गणीअभावी मरते. पहिली व दुसरी आहे पण तिसरी नाही, तर उद्घाटनाचा दगड तेवढा राहतो. दुसरी व तिसरी आहे पण पहिली नाही, तर संस्था सुरळीत चालते, सभा वेळेवर होतात, अहवाल छापले जातात, परंतु कोणाचे काही भले होत नाही. हा तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा, कारण तो बाहेरून निरोगी दिसतो.

अभ्यासकाने ह्या कसोट्या कोठे लावून पाहाव्यात? त्यासाठी आम्हांस परदेशी जाण्याची गरज भासली नाही. ज्या शहरास जुनी मंडळी अद्याप बडोदेच म्हणतात, तेथेच त्याचे उदाहरण घडून गेले आहे.

३. बडोद्याचे उदाहरण

श्रीमंत सयाजीराव महाराज (१८६३–१९३९) यांस १८८१ साली राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. १८९३ साली त्यांनी काठेवाडातील अमरेली तालुक्याच्या काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करून पाहिले. थोड्या गावांत आरंभ करावयाचा, अडचणी पाहावयाच्या व मग विस्तार करावयाचा, ही त्यांची रीत होती. अमरेलीच्या अनुभवानंतर १९०६ साली हा कायदा सर्व संस्थानास लागू झाला. सात ते बारा वर्षांची मुले व सात ते दहा वर्षांच्या मुली त्याच्या कक्षेत आल्या. नामदार गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचे उदाहरण होते. ते विधेयक १९१२ साली नामंजूर झाले, ही गोष्ट वेगळी.

आता येथे अभ्यासकाने थांबावे. शाळा उघडल्या, पट भरला, परीक्षा झाल्या. अहवालात लिहिण्यास हे पुरेसे होते. परंतु दरबारच्या ध्यानात एक गोष्ट आली. शाळा सोडलेला मुलगा शेतावर गेला, घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. चारपाच वर्षांत तो शिकलेली अक्षरे विसरतो व पुन्हा अंगठा उठवू लागतो. म्हणजे शाळेच्या वहीत तो ‘उत्तीर्ण’ आणि गावात तो निरक्षर! शाळेवरचा खर्च झाला, शाळेचे कामही झाले, परंतु फळ हाती राहिले नाही.

खर्च, काम व फळ ह्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, हा लोकमूल्याच्या अभ्यासातील पहिला धडा होय. खर्च हा रुपयांत मोजतात. काम हे संख्येत मोजतात. इतक्या शाळा, इतकी मुले. फळ मात्र माणसाच्या आयुष्यात शोधावे लागते, व तेही संस्थेचा हात सुटल्यानंतर काही वर्षांनी. आम्हां शिक्षकांस हे कडू वाटते, पण खरे आहे. आमच्या निकालाची टक्केवारी हे आमचे काम आहे. आमचा विद्यार्थी तिशीत काय वाचतो हे आमचे फळ.

साक्षरता टिकवावयाची तर गावोगाव पुस्तक पोहोचले पाहिजे, या विचारातून बडोद्याची ग्रंथालय चळवळ वाढली. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस बडोद्यास आणले व ग्रंथालय खाते त्यांच्या हाती दिले. बॉर्डन तीनच वर्षे राहिले, १९१३ साली परत गेले. पण तेवढ्या अवधीत त्यांनी खात्याची घडी बसविली. राजवाड्यातील खासगी ग्रंथसंग्रह लोकांस खुला होऊन त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. ग्रंथालयात काम करणारांस शिकविण्याचा वर्ग १९११ साली निघाला. १९१२ साली इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक निघू लागले. बॉर्डन गेल्यावर काम थांबले नाही. जनार्दन कुडाळकर यांनी ते पुढे चालविले व १९१९ साली चळवळीचा इतिहासही लिहून ठेवला. त्यांच्यामागून न्यूटन मोहन दत्त यांनी ती धुरा वाहिली. मुख्य माणूस गेल्यावर काम चालू राहते की नाही, ही तिसऱ्या कसोटीची खूण होय.

जेथे ग्रंथालय होणे शक्य नव्हते, तेथे फिरत्या ग्रंथपेट्या जात. पुस्तकांनी भरलेली मजबूत लाकडी पेटी गावात यावयाची, काही आठवडे राहावयाची व वाचून झाली की परत फिरावयाची. वाचकास काही द्यावे लागत नसे; पेटीच्या वाहतुकीचा खर्चही सरकार सोसत असे. ज्यांस वाचता येत नसे त्यांच्यासाठी चित्रे व चलच्चित्रे दाखविणारी वेगळी शाखा होती. म्हणजे ‘वाचक येत नाही’ अशी तक्रार करीत बसण्याऐवजी ग्रंथालयच चालत वाचकाकडे गेले.

दुसऱ्या कसोटीचे उत्तर तर याहून बोधप्रद आहे. महाराज सर्वाधिकारी होते. हुकूम काढून गावोगाव ग्रंथालये उघडणे त्यांस अशक्य नव्हते. तसे न करता नियम असा केला की, गावाने ग्रंथालयासाठी जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी व तेवढीच सरकारने. तिघांचे तीन सारखे वाटे. गावाने स्वतःचा वाटा उचलल्याखेरीज सरकारचा पैसा हलत नसे. यामुळे ज्या पुस्तकांच्या कपाटास गावकऱ्यांनी स्वतःच्या गाठीचे पैसे लावले, ते त्यांचे झाले. सरकारी राहिले नाही.

आणखी एक गोष्ट. बॉर्डन येण्याच्याही चार वर्षे आधी, १९०६ पासून, मोतीभाई अमीन नावाचे एक शिक्षक खेड्यापाड्यांतून मित्रमंडळे स्थापून वर्तमानपत्रे व पुस्तके पुरविण्याची योजना चालवीत होते. सरकारने त्यांस प्रतिस्पर्धी मानले नाही. त्यांनी तयार केलेल्या जमिनीवरच पुढची पेरणी केली. महाराजांचे नाव सर्वांस ठाऊक आहे, बॉर्डन यांचे अभ्यासकांस. परंतु एका शाळामास्तराने गावोगाव हिंडून जी इच्छा जागी केली, तिच्यावाचून तो तिसरा वाटा जमला नसता असे आम्हांस वाटते. लोकमूल्य एकटी संस्था निर्माण करीत नाही. घेणाराही त्यात अर्धा करणारा असतो.

४. दोन शंका

येथवर वाचून कोणी म्हणेल, हे तर गुणगान झाले. अभ्यासात शंकाही मांडल्या पाहिजेत.

पहिली शंका अशी की, लोकांस काय हवे हे ठरविणार कोण? रोड्स व वॉना या दोन अभ्यासकांनी २००७ साली मूर यांच्या मतावर हाच आक्षेप घेतला. लोकांनी निवडून न दिलेले अधिकारी ‘लोकांचे हित आम्हांस कळते’ म्हणू लागले, तर ते स्वतःस तत्त्वज्ञ राजे समजू लागतील, असे त्यांचे म्हणणे. बडोद्यात तर प्रत्यक्ष राजाच होता. सक्तीच्या शिक्षणात मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होता. तो दंड ज्या कुणब्याने भरला, त्याच्या दृष्टीने तो एक भुर्दंडच होता. म्हणून पुढे मूर यांनीही २०१३ सालच्या ग्रंथात सांगितले की, संस्थेच्या हिशेबात केवळ पैसा धरू नये. तिने लोकांवर जो अधिकार चालविला तोही खर्चाच्या बाजूस मांडावा. आम्हांस हे फार पटते. आपल्या संस्था दंड करीत नाहीत. परंतु अर्जाचे चार कागद, तीन सह्या, दोन दिवसांची रजा हे सर्व गरिबाकडून आपण घेतलेले पैसेच आहेत. ते कोणत्याही जमाखर्चात दिसत नाहीत.

तीन वाट्यांच्या नियमासही अशीच दुसरी बाजू आहे. ज्या गावास पहिला वाटा जमविणेच शक्य नाही, त्याने काय करावे? जो नियम लोकांस आपलेपणा देतो, तोच नियम अगदी दरिद्री माणसास दाराबाहेर ठेवू शकतो. मोफत फिरत्या पेटीचे महत्त्व येथे कळते.

दुसरी शंका याहून गंभीर आहे. संस्थेने आपले काम चोख केले, तरी समाजाने साथ दिली नाही तर मूल्य अर्ध्यावर अडते. १८८० नंतरच्या दशकात संस्थानाने अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा सवर्ण शिक्षक मिळेनात व आरंभी ते काम मुसलमान शिक्षकांकडे द्यावे लागले. हुकूम होता, पैसा होता, इमारत होती. फळ्यासमोर उभा राहणारा माणूस मात्र मिळेना.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर जगजाहीर आहे. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. खात्याच्या वहीत ती एका विद्यार्थ्याची नोंद असेल. तिचे फळ साऱ्या देशास मिळाले. परंतु १९१७ साली करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी ते बडोद्यास आले, तेव्हा ह्या शहरात त्यांस राहावयास जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले, तेथूनही जमावाने त्यांस बाहेर काढले, आणि कमाटीबागेत त्यांस कित्येक तास बसून काढावे लागले. तेव्हा त्यांनी बडोदे सोडले. शिष्यवृत्ती देणारी तिजोरी ह्याच शहराची व घर नाकारणारे दारही ह्याच शहराचे. शिष्यवृत्ती देणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही गोष्ट वर्षातून एकदा आठवावी. पैसे दिल्यावर पुढे त्या मुलाचे काय झाले, हे न विचारणे म्हणजे पेरून शेताकडे पाठ फिरविणे होय.

५. शोध कसा घ्यावा?

आता आमच्यासारख्या सामान्य माणसाने, विद्यापीठाची साधने हाती नसता, एखाद्या संस्थेचे लोकमूल्य कसे शोधावे? अनुभवाने आम्ही चार नियम काढले आहेत.

एक, ज्या वहीवर निर्णय घ्यावयाचा ती वही कशी भरली जाते, ते आधी पाहावे. वही खोटे बोलत नाही, पण तिला विचारलेले तेवढेच ती सांगते.

दोन, जे येतात त्यांस विचारावे, ‘‘ही सोय नसती तर तुम्ही काय केले असते?’’ संस्था नसतानाही जे घडलेच असते, त्याचे श्रेय संस्थेने घेऊ नये. उलट, जे तिच्यावाचून घडलेच नसते, ते लहान दिसले तरी तिचे खरे मोल होय.

तीन, जे येत नाहीत त्यांच्याकडे जावे. हा नियम सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत कमी पाळला जाणारा. आलेल्यांची तारीफ ऐकून संस्था फुगते. न आलेल्यांचे कारण ऐकून ती शिकते.

चार, व्यवस्थापकाचा अभ्यास करताना त्याचे चरित्र लिहू नये. त्याचे निर्णय पाहावेत. दोन वाटा समोर असता त्याने कोणती घेतली, कोणास विचारले, काय सोडून दिले, हे पाहिले म्हणजे मूल्य कोठे निर्माण झाले व कोठे गळाले ते कळते.

६. आपली खोली

हे नियम घेऊन आम्ही नववीच्या दोन विद्यार्थ्यांसह एक महिना रोज सायंकाळी आपल्या वाचनालयात बसलो. जे दिसले ते विश्वस्त मंडळापुढे ठेवले आहेच. येथे थोडक्यात सांगतो.

सहीची वही आतल्या कपाटाजवळ असते व वर्गणी भरलेले सभासदच तीत सही करतात. मुले सही करीत नाहीत, कारण त्यांस कोणी तसे सांगितलेले नाही. वहीत रिकामी दिसणारी खोली सहानंतर भरलेली असते. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू, पाहुणे बसलेले, धाकटे भावंड रडते आहे, अशा घरांतली मुले तेथे गृहपाठ करतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या काही मुली स्वतःची पुस्तके घेऊन येतात. त्यांस आपले एकही पुस्तक नको असते, फक्त टेबल, दिवा व शांतता हवी असते. ‘‘ही खोली नसती तर?’’ असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांपैकी एक म्हणाली, ‘‘सर, मग मी सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात बसले असते.’’

मग आम्ही मागच्या गल्लीत, न येणाऱ्यांकडे गेलो. येथे मात्र मान खाली घालावी लागली. एक आई म्हणाल्या, ‘‘ती खोली मेंबर लोकांची ना? दारावर लिहिलंय तसं.’’ परत येऊन पाहिले, तर दारावरच्या फळीवर खरोखरच ‘फक्त सभासदांसाठी’ अशी अक्षरे. तो नियम संस्थेने कधीच रद्द केला आहे. फळी तेवढी कोणी रंगविली नाही. त्या दाराने आम्हीही वर्षानुवर्षे गेलो, पण आम्ही सभासद असल्याने ती अक्षरे आम्हांस कधी दिसलीच नाहीत!

म्हणजे वही म्हणते त्याहून त्या खोलीचे मोल पुष्कळ अधिक आहे, आणि आम्ही समजत होतो त्याहून ते पुष्कळ कमीही आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

पहिली कसोटी, आमच्या मते, खोली उतरते. दुसरीचे उत्तर सभासदांनी द्यावयाचे आहे. पुस्तकांसाठी दिलेल्या देणगीवर अभ्यासाची खोली चालवावयास ते राजी आहेत काय? तिसरीत आपण कमी पडतो. परीक्षेच्या दिवसांतही आठाच्या ठोक्याला कुलूप लागते, कारण नंतर थांबावयास माणूस नाही. आणि भाड्याची सूचना मांडणाऱ्या विश्वस्तांचे म्हणणेही आम्ही टाकून देत नाही. त्या भाड्यातून आणखी काही मुलांस शिष्यवृत्ती मिळाली असती, हे खरे आहे. एक चांगले काम राखण्यासाठी दुसरे सोडावे लागते. ते आपण काय सोडतो आहोत हे जाणून सोडावे, एवढेच.

निर्णय मंडळाचा आहे. आमची विनंती तीन लहान गोष्टींची आहे. फळी आजच रंगवावी. सहीची वही दाराशी ठेवावी व लहानथोर सर्वांनी तीत सही करावी. आणि आठानंतरचे दोन तास, परीक्षेच्या महिन्यांपुरते, सभासदांनी पाळीपाळीने वाटून घ्यावेत. पहिल्या आठवड्याची पाळी आम्ही घेतो. एक वर्षाने वही उघडून, आणि मागच्या गल्लीत पुन्हा एकदा जाऊन, मग खोलीचे काय ते ठरवावे.

१९५० च्या कायद्याप्रमाणे आपल्या संस्थेचे हिशेब दरवर्षी तपासले जातात व धर्मादाय कार्यालयात दाखल होतात. पै पै जुळते. परंतु अमरेलीतील त्या शाळा सोडलेल्या मुलाची अक्षरे टिकली काय, हा प्रश्न कोणताही हिशेब तपासनीस विचारणार नाही. तो संस्थेने स्वतःस विचारावयाचा असतो. पुढील महोत्सवाच्या स्मरणिकेत, जमाखर्चाच्या पानासमोरच, आणखी एक पान असावे. ज्यांस आपण वीस वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती दिली, ज्यांनी आपल्या दिव्याखाली अभ्यास केला, ते आज कोठे आहेत, व आपल्या दारापर्यंत येऊन कोण परत गेले, एवढे त्या पानावर लिहावे. ते पान भरावयास आजपासून आरंभ केला तरच तेव्हा भरलेले असेल.